जिभेच्या डाव्या कडेला

पडद्यावर आधी एक भुवई आली. मग नाकाचं टोक, मग छताचा पंखा आणि शेवटी एक उलटा चेहरा.

"ऐकू येतंय का?" चेहऱ्याने विचारलं.

"येतंय. पण तुम्ही उलटे आहात."

"घरचेही तेच म्हणतात," असं म्हणून त्याने कॅमेरा सरळ केला.

अशी आमची ओळख झाली. मी दातांची डॉक्टर. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एका अरुंद खोलीत दोन पडद्यांसमोर बसायचे. लांबलांबच्या चौदा लहान दवाखान्यांतल्या नर्स रुग्णाच्या तोंडात पेनाएवढा कॅमेरा फिरवायच्या आणि इथे मला एकेक दाढ तळहाताएवढी दिसायची. कुणाचं गोळीवर भागेल, कुणाला इथवर यावंच लागेल, ते मी सांगायचे. त्याआधी मीही खुर्चीशेजारी उभी राहून दात काढत होते, भरत होते. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण दोन बोटांतला जोर गेला तो गेलाच. ड्रिल धरवेना. आमचे विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर, म्हणाले, "डोळे शाबूत आहेत ना? मग इथे बस." आईलाही बरं वाटलं, बसून काम, उन्हातान्हात हिंडणं नाही. मला मात्र वाटायचं, स्वयंपाक येणाऱ्या बाईला नुसतं वाढायला बसवलंय.

त्या दिवशी डोंगरावरच्या दवाखान्यात नवा कॅमेरा बसवायचा होता. हा माणूस त्यासाठीच आला होता. दवाखान्या-दवाखान्यांतून यंत्रं जोडायची, नर्सना शिकवायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला वायरवाले म्हणत.

"नर्सबाई कुठे आहेत?" मी विचारलं.

"बस चुकली त्यांची. पेशंटही नाही कुणी. चाचणी घ्यायला तोंड हवंय ना... दारातल्या शिपाईमामांना विचारलं, तर त्यांनी कवळी काढून हातात दिली."

मला हसू आलं. तो पडद्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

"मग तुमचंच दाखवा," मी म्हटलं.

"पहिल्याच भेटीत?"

"आ करा, वायरवाले."

त्याने आ केला. दात चांगले होते. फक्त डावीकडची खालची मागची दाढ अर्धी तुटलेली, टोकदार. जीभ उजवीकडे वळवा, मी म्हटलं... आणि माझं हसू जागच्या जागी आटलं. जिभेच्या डाव्या कडेला, त्या दाढेसमोर एक पांढुरका डाग होता. मधे लाल, कडा किंचित उचललेली. करंगळीच्या नखाएवढा.

"हे कधीपासून आहे?"

"ते होय? दाढ घासते. दोन महिने असेल. तिखट लागलं की झोंबतं, बाकी काही नाही."

"तंबाखू, सिगारेट?"

"चहासुद्धा बेताचाच, डॉक्टर. माझ्यासारखा निरुपद्रवी माणूस शोधून सापडणार नाही."

पंधरा दिवसांत भरून न येणारी जखम हातानं तपासलीच पाहिजे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी त्याला सांगितलं, इथे या, दाखवून जा. पण सांगताना मी काय केलं, तेही लिहायला हवं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, तो मला बघवला नाही आणि मी पुढे जोडलं, "साधंच असेल बहुतेक."

तो आला नाही.

आला तो पडद्यावर. दोन दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यातून, चार दिवसांनी तिसऱ्यातून; मधल्या दिवसांत काही ना काही निमित्ताने फोन. जोडणी झाली की चाचणी हवीच, आणि चाचणीला दरवेळी तोंड त्याचंच.

"कधी येताय?" मी विचारायचे.

"या आठवड्यात तीन दवाखाने आहेत. तुम्ही रोज विचारता, बरं वाटतं."

"मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही," तो म्हणायचा, आणि मग उगाच वायर तपासायला खाली वाकायचा.

तो काय काय सांगायचा... आई-वडील लवकर गेले, ताईने वाढवलं, ताई अजून त्याचा शर्ट उजेडात धरून डाग बघते. मी मनगटाचं सांगितलं. पुढच्या दवाखान्यातून बोलताना तो म्हणाला, "डाव्या हाताने माऊस धरता येईल अशी जोडणी करून देऊ का? उजव्याला आराम." पडद्यापलीकडून त्याने माझ्या संगणकात काहीतरी फिरवाफिरव केली. संध्याकाळी दुखणारं मनगट त्या दिवशी दुखलं नाही. मी घरी जाताना गुणगुणत होते, असं आई म्हणाली.

मी त्याच्या कंपनीला फोन करू शकत होते. मोठ्या सरांना फोटो दाखवू शकत होते. एक दिवस कठोर होऊन खरं नाव घेऊ शकत होते त्या रोगाचं. नाही घेतलं. रोज विचारते आहे म्हणजे माझं कर्तव्य करतेच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तीन आठवडे गेले. एका दुपारी काम कमी होतं, म्हणून मी त्याचे चार फोटो एकाशेजारी एक लावले. या यंत्रांची हीच खुबी आहे; माणसाच्या नजरेला जे रोज बघून कळत नाही, ते मिलिमीटरमध्ये समोर येतं. पहिल्या फोटोत नऊ. चौथ्यात तेरा. मी उठून बेसिनपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं, आणि त्याला फोन लावला.

"उद्या सकाळी दहा वाजता इथे यायचं. नाही आलात तर मी तुमच्या ताईंना फोन करेन."

माझा आवाज बहुधा वेगळा लागला असावा. तो हसला नाही. "येतो," म्हणाला.

पडद्यावर वाटला होता त्यापेक्षा तो बुटका होता, आणि मी उंच. दारात दोघंही जरा चपापलो. "तुम्ही पूर्ण आहात की," तो म्हणाला, "मला वाटलं होतं खांद्यापर्यंतच." मी हातमोजे चढवले. तो खुर्चीत आडवा झाला आणि मी दोन वर्षांनी पहिल्यांदा कुणाच्या तोंडात बोट घातलं. कॅमेरा रंग दाखवतो, आकार दाखवतो. कठीणपणा दाखवत नाही. तो बोटालाच कळतो. डागाखाली सुपारीसारखं टणक लागलं. माझ्या उजव्या बोटांत जोर नव्हता, पण तेवढं कळायला जोर लागत नाही.

तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता. मी मान वळवली.

मोठ्या सरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. टाके घातले. "रिपोर्ट आठवड्याने," ते म्हणाले. तो पुन्हा डोंगरावर गेला. तिथलं यंत्र बिघडलं होतं. जाताना तोंडातल्या कापसामुळे बोबडा बोलत म्हणाला, "रिपोर्ट पडद्यावरच सांगा. मला तिकडे रेंज चांगली असते."

रिपोर्ट गुरुवारी सकाळी आला. मी तो दोनदा वाचला. मग पडदे बंद केले, सरांना सांगितलं आणि बस पकडली. चार तासांचा रस्ता. वाटेत काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली.

तो दवाखान्याच्या ओट्यावर वायरीची वेटोळी गुंडाळत बसला होता. त्याने मला फाटकातून येताना पाहिलं. हात थांबले. मी जवळ जाईपर्यंत त्याने वेटोळं नीट बांधलं, गाठ मारली, बाजूला ठेवलं.

"तुम्ही स्वतः आलात," तो म्हणाला. "म्हणजे झालंच."

मी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. "ऑपरेशन करावं लागेल," एवढंच निघालं.

"जीभ?"

"काही भाग. आणि मानेतल्या गाठी."

त्याने समोरच्या उताराकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्याकडे बोलण्याशिवाय होतं काय, डॉक्टर?"

मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसले. परतीच्या बसला अजून वेळ होता. बस आली तेव्हा तो माझी पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत आला आणि ती परत देताना त्याने माझं उजवं मनगट धरलं... अगदी हलकं, नाडी बघावी तसं. मग सोडलं.

ऑपरेशन सहा तास चाललं. बाहेर बाकावर मी आणि ताई. ताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या. चौथ्या तासाला त्या म्हणाल्या, "तो तुझ्याबद्दल सांगायचा. जेवताना. घास हातातच राहायचा."

जिभेचा डावा तिसरा हिस्सा गेला. मानेतल्या एका गाठीत रोग सापडला, म्हणून नंतर सहा आठवडे किरणांचे उपचार. त्याची मान भाजल्यासारखी काळवंडली, लाळ आटली, चौदा किलो वजन उतरलं. मी त्याची फाईल मोठ्या सरांकडे दिली होती. स्वतःच्या हाताने तपासायची हिंमत नव्हती. सर आठवड्यातून दोनदा त्याला पडद्यावरच बघायचे; ताई घरी कॅमेरा धरायच्या. त्या अवस्थेत प्रत्येक वेळी इथवर खेटे घालण्यापेक्षा ते बरंच होतं. मी सरांच्या खुर्चीच्या बाजूला, त्याला दिसणार नाही अशी उभी राहायचे. त्याचा आवाज मात्र कधी यायचा नाही. सरांनी काही विचारलं की तो टाईप करायचा.

मी फोन केला की ताई उचलायच्या. "बोलत नाही गं तो," एकदा म्हणाल्या. "बोलणं शिकवायला बाई येतात, त्यांच्यासमोर तोंड उघडतो. त्या गेल्या की मिटतो. आपलं ऐकून आपल्यालाच किळस येते, असं लिहून दिलं मला."

"मी आले तर चालेल?"

ताई म्हणाल्या, "विचारू नकोस. ये."

रविवारी दुपारी गेले. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती मऊ रुमाल, गाल आत गेलेले. मला बघून उठायला लागला. मी खुणेने बसवलं. ताई आत निघून गेल्या, त्या पुन्हा काही बाहेर आल्या नाहीत.

"मला काहीतरी सांगायचंय," मी म्हटलं. "मधे बोलू नका."

त्याने भुवया वर केल्या. तो मधे बोलेल अशी मी काळजी करावी, याची बहुधा त्याला गंमत वाटली असावी.

मी सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी मला काय वाटलं होतं ते. 'साधंच असेल' का म्हटलं ते. "तीन आठवडे मी तुम्हाला नुसतं विचारत राहिले. मला ठाऊक होतं, धाक दाखवला असता तर तुम्ही आला असता. पण मग ते फोन थांबले असते. मला ते फोन हवे होते. चार मिलिमीटर वाढलं त्या दिवसांत. ती गाठ... कदाचित त्याच दिवसांत..." मी त्याच्या गळ्यावरच्या रुमालाकडे बघितलं. "मी तुमची डॉक्टर होते. मी असं करायला नको होतं."

मला वाटलं, आता तो दाराकडे बोट दाखवेल. त्याने मोबाईल उचलला, सावकाश टाईप केलं आणि माझ्यापुढे धरला.

*मला पण दुखत होतं. दोन महिने नाही, चार महिने. खोटं बोललो. एकदा येऊन दाखवलं असतं की तुमचं रोज विचारणं संपलं असतं.*

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. दोघांनी एकाच कारणासाठी एकच चूक केली होती आणि किंमत मात्र एकट्याच्या वाट्याला आली होती. मी रडले. त्याने रडू दिलं. रुमाल पुढे केला, पण समजूत घातली नाही. ते मला फार बरं वाटलं.

"सर काय म्हणतात?" मी डोळे पुसत विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

त्याने टाईप केलं. *दर महिन्याला तपासणी. दोन वर्षं काही निघालं नाही तर आशा. निघालं तर बघू.* मग खाली आणखी एक ओळ. *आता तुम्ही माझ्या डॉक्टर नाही ना?*

"नाही."

त्याने मोबाईल पालथा करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ओठ ओले केले. शेजारच्या पेल्यातून पाण्याचा घोट घेतला, गिळताना डोळे मिटले. मग माझ्याकडे न बघता, खाली जमिनीकडे बघत तो बोलला. आवाज जाड होता, शब्द एकमेकांना चिकटलेले, 'र' तर कुठेच नव्हता. कपाळावर घाम आला त्याच्या तेवढ्याने. बोलून झाल्यावर त्याने मान वर केली आणि माझा चेहरा असा वाचू लागला, जसा कुणी रिपोर्ट वाचतो.

तुझ्याशिवाय करमत नाही, असं तो म्हणाला होता. मला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं.

मी खुर्ची जवळ ओढली. "नीट ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "पुन्हा सांग."