चिकाचं पाणी

सुनूनचा पाय देवळाच्या पायरीवर सटकला आणि डोक्यावरच्या घड्यातलं चिकाचं पाणी थेट मुआनच्या अंगावर गेलं. तो खांबावर चुन्याची राणी घडवत बसला होता. डोळे पुसत एवढंच म्हणाला, "हे चुन्यात घालतात. मी आधीच मऊ आहे."

झालं… पोरीचं चित्त त्या दिवसापासून ठिकाणावर राहिलं नाही.

झाडाची साल उकळून काढलेला चीक चुन्यात पडला, की चुना सावकाश धरतो. कारागिराला बोटं फिरवायला सवड मिळते. बापाच्या भट्टीवरून तो चीक सुनूनच आणायची. खांब पुरा झाला की मुआन नदी उतरून दुसऱ्या नगरीला जाणार, हे तिच्या कानावर आलं. तोंडाने थांब म्हणायचं, तर लाज आडवी. मग बाईसाहेबांनी चीक दाट केला. चुना धरेचना, राणीचं नाक ओघळलं. पुन्हा केलं, तर हनुवटी लोंबली. मुकादम खवळला – भट्टीवाला बदलतो म्हणाला. म्हणजे हिच्याच बापाच्या पोटावर पाय!

दुसऱ्या दिवशी ती बेताचा चीक घेऊन, खाली मान घालून आली. मुकादमाला सगळं सांगणार होती. मुआनने वाटेतच अडवलं. चूक आपल्या हाताची, असं त्याने मुकादमाला कालच सांगून टाकलं होतं.

"पण चीक तर मी…"

"पहिल्या दिवशीच कळलं मला. बोटांना कळतं."

"मग बोलला का नाहीस?"

"नाक ओघळत होतं… मला कुठे घाई होती?"

राणीचं अंग अजून उघडंच होतं. वस्त्रं मागाहून थराथराने चढायची. तिच्या खांद्यावर चुन्याचा इवलासा गुंजनपक्षी बसला होता. सुनूनच्या नावाचा अर्थ तोच. मुआनने त्यावर शेल्याचा थर हळूच दाबला. आता तो कुणाला दिसणार नव्हता… पण होता.

"तुझ्या बापाला साल सोलायला माणूस हवाय का?" त्याने विचारलं, तिच्याकडे न बघता.

सुनूनने घडा खाली ठेवला. जावई व्हायचं, तर आधी सासऱ्याच्या दारात वर्षानुवर्षं राबायचं असतं. त्याशिवाय सालीला हात कोण लावतो?

"हात काळे होतात," ती म्हणाली. "आणि आईची जीभ मिरचीसारखी आहे."

"सोसेन," मुआन म्हणाला. "आता तेवढा चीक बेताचा घातलास तरी चालेल."