चौथी स्लाइड

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? उलट हे खरं आहे म्हणूनच नोकरी जायची भीती आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. परळ एवढं पुरे.

मी सुमेधा. राहायला नायगावला. बावीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. आमच्या घरात भूतबीत, अंगारा-धुपारा काही चालत नाही. संध्याकाळी बुद्धवंदना, बस. चौकात उतरवून टाकलेला लिंबू दिसला तर पायाने बाजूला करून पुढे जाणारी बाई आहे मी.

आणि हे रात्रीचंही नाही. भर दुपारी घडलं, जेवणाच्या सुट्टीत.

अठरा जून, दोन हजार पंचवीस. बुधवार.

पण त्याची सुरुवात वर्षभर आधीची आहे. ती आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला बिचारी समजाल.

आमची खोली गाठींची. कुणाच्या मानेत, कुणाच्या छातीत गाठ आली की डॉक्टर बारीक सुई घालून आतलं थोडंसं ओढून घेतात. ते मी काचेच्या स्लाइडवर पसरवते, त्यालाच स्मिअर म्हणतात, आणि लगेच अल्कोहोलच्या बरणीत बुडवते. लगेच म्हणजे लगेच. जरा उशीर झाला की स्लाइड सुकते, पेशी फुगतात, आणि मग मायक्रोस्कोपखाली कुणाचा बाप आला तरी त्याला काही वाचता येत नाही. सुक्या स्लाइडला द्यायचा रंग वेगळा असतो, पण मी सांगतेय त्या आठवड्यात तो संपला होता. सगळ्या स्लाइड ओल्याच बुडवायच्या होत्या.

एकवीस मे, दोन हजार चोवीस. बारावीचा निकाल एक वाजता लागणार होता. माझा मुलगा संघर्ष बारावीला होता.

एक वाजताच शेवटची पेशंट आत आली.

रखमामावशी. बावन्न वर्षांची. लालबागला मसाल्याच्या गिरणीत कामाला. उजव्या छातीत सुपारीएवढी गाठ. सुईला इतकी घाबरली होती की माझं मनगट सोडेना.

"बाय, दुखतला काय गो?"

"मिरच्या कुटता ना मावशी? डोळ्यात मिरची जाते त्याच्यापेक्षा कमी."

ती हसली. आमच्या डॉक्टर नूपुर मॅडमनी सुई घातली, तीन स्लाइडवर थेंब सोडले आणि त्या राउंडला निघून गेल्या. मी स्लाइड पसरवल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आई, एकोणऐंशी टक्के!"

मी नाचले. खरंच नाचले हो, त्या खोलीत. मावशी ब्लाउजची बटणं लावता लावता म्हणाली, "झिलाचं तोंड गोड कर हां बाय."

वळून बघते तर...

तिन्ही स्लाइड पंख्याखाली सुकलेल्या.

मावशी अजून तिथेच होती. मॅडमना फोन करायचा, अजून एकदा सुई घालायची. दहा मिनिटांचं काम. पण सकाळीच मॅडम मला एका चुकीवरून सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. आणि पोराच्या निकालाच्या दिवशी मला पुन्हा बोलणी खायची नव्हती.

मी सुकलेल्या स्लाइड गुपचूप बरणीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "सुमेधा, सुकल्या का गं ह्या?"

"नाही मॅडम. नुसतं रक्तच आलं होतं."

झालं. रिपोर्ट निघाला... नमुना अपुरा, पुन्हा तपासणी करावी.

रिपोर्ट न्यायला तिचा नवरा आला, शिवा. गिरणगावातला साधा माणूस, पूर्वी गिरणीत, आता वॉचमन. मला म्हणाला, "काय आलाच नाही म्हणजे काय नाहीच ना?"

"पुन्हा यायला लागेल काका."

"येऊ की. आता सुईचं नाव काढलं तर ती रडते. गणपती करून येऊ गावाहून."

गणपती सप्टेंबरात. मी मे महिन्यात उभी होते. ओरडायला पाहिजे होतं मी. ओरडले असते तर त्यांनी विचारलं असतं, एवढी घाई का? मी गप्प बसले.

गणपतीनंतरही लांबत लांबत नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा गाठ लिंबाहून मोठी होती. काखेतही गेली होती. फेब्रुवारीत मावशी गेली.

आमच्या डिपार्टमेंटला गंगाधर मामा आहेत, जुने वॉर्डबॉय. ते शिवाच्याच चाळीत राहतात. मार्चमध्ये एकदा चहा पिताना म्हणाले, "त्याचं काय खरं नाय बघ. जेवत नाय. भिंतीला डोकं लावून बसतो. म्हणतो, मी गणपती गणपती केलं, मीच मारली तिला."

मी कप तसाच ठेवून खोलीत गेले.

सांगायला पाहिजे होतं. रोज ठरवायचे. रोज उद्यावर ढकलायचे. मार्च गेला, एप्रिल, मे...

मग जूनमध्ये ते सुरू झालं.

एक ते दोन आमचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. मी आतल्या टेबलावर डबा खाते. एकटी. दार लोटलेलं.

पहिल्या दिवशी आवाज आला...

कर्र... कर्र...

स्लाइडवर नंबर घालायची आमची हिऱ्याची पेन्सिल असते. तिचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मागे वळून पाहिलं. पेन्सिल ट्रेमध्ये होती. खोलीत कुणी नव्हतं.

म्हटलं, वय झालं सुमेधा, कान वाजतात.

दुसऱ्या दिवशी वास आला. आमच्या खोलीत अल्कोहोलचा इतका भपकारा असतो की माझ्या डब्यातलं सुकटसुद्धा कुणाला कळत नाही. तिथे मला वास आला... भाजलेल्या मिरचीचा. ताज्या मसाल्याचा. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

मामांना बोलावलं. "मामा, कसला वास येतोय?"

मामांनी नाक ओढलं. "कसला? नेहमीचाच की."

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या बुधवारी, मी डबा उघडलाच नाही. हात मांडीवर ठेवून बसले. पंखा फिरत होता. बाहेर आयाबायांची बडबड चालली होती.

ती बडबड थांबली.

पंख्याचा आवाजही थांबला. पण पाती फिरत होती.

आणि माझ्या मनगटाला कुणीतरी धरलं... घट्ट. सुईला घाबरलेला माणूस धरतो तसं.

"बाय... ओली आहे गो अजून."

अगदी कानाशी. रागाने नाही. विनवल्यासारखं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी पळून गेले असते. पण ती विनवत होती हो.

मी डोळे मिटून रडले. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. चुकलं."

मनगट सुटलं. पंख्याचा आवाज परत आला.

बरणीत सकाळच्या पेशंटच्या तीन स्लाइड मी स्वतः ठेवल्या होत्या. आता बघितलं तर...

चार.

चौथीवर नंबर होता ११४७, खाली २४, म्हणजे मागचं साल. रखमामावशीचा नंबर. अक्षर माझंच. साताला मधे आडवी रेघ मारायची माझी सवय आहे.

मी ती फेकून देऊ शकले असते. पण हात धजेना. मी सगळ्यांबरोबर तिलाही रंग दिला आणि मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवली.

चार वाजता मॅडमनी हाक मारली. मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाल्या, "अकराशे सत्तेचाळीस कोण? काय सुंदर स्मिअर आहे! कॅन्सरच आहे गं, अगदी स्पष्ट. फोन कर तिला. आजच बोलव. अजिबात उशीर नको."

मी म्हटलं, "खालचं साल बघा मॅडम."

मॅडमनी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. बोट फिरवत त्या ओळीवर आल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. संघर्षचा फोन, पंखा, खोटं... सगळं. त्यांनी रजिस्टर मिटलं. म्हणाल्या, "माझं काय व्हायचं, तुझं काय व्हायचं, ते नंतर बघू. तू आधी त्या माणसाकडे जा."

ती स्लाइड आजही मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या पेशी कुणाच्या, ते त्या विचारत नाहीत आणि मीही नाही.

संध्याकाळी मामा मला लालबागला घेऊन गेले. दुसरा मजला. दहा बाय बाराची खोली. शिवा भिंतीला टेकून बसला होता. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले आणि एका दमात बोलले, कारण थांबले असते तर परत आले असते.

मला वाटलं, मारेल. मारावं असंच वाटत होतं.

तो म्हणाला, "म्हणजे... माझ्यामुळे नाय?"

"नाही काका. स्लाइड नीट असती तर रिपोर्ट मे महिन्यातच आला असता. तुम्ही गणपतीपर्यंत थांबलाच नसता."

"माझ्यामुळे नाय?"

"नाही काका."

तिसऱ्यांदा विचारलं आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. मामांनी त्याला धरलं. मला कुणी बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

निघताना मी त्या दुपारबद्दलही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्याने डोळे पुसले.

"मी येऊन बसलो तर चालेल? तिकडे?"

नाही कशी म्हणणार?

आता दर बुधवारी शिवा येतो. एक वाजता आमच्या खोलीबाहेर बाकावर बसतो. इस्त्रीचा शर्ट घालतो.

पण त्या दिवसानंतर काहीच होत नाही. ना आवाज, ना वास. मी रोज कान देऊन बसते. खोली रिकामी असते... नुसती खोली.

दोन वाजता तो दार किलकिलं करून विचारतो, "आज आलेली काय?"

एकदाच खोटं बोलले होते मी, तर एक बाई गेली. तरीही दर बुधवारी माझ्या तोंडून तेच निघतं.

"हो काका. आली होती. तुमची चौकशी करत होती."

तो मान हलवतो. हसतोसुद्धा कधीकधी. मग जिना उतरून जातो.

आणि मी खोलीत परत वळायला घाबरते. कारण ती खरंच तिथे असेल... तर तिने हेही ऐकलं असेल.