वाजवणाऱ्यांनी थांबावं का?

जळगाव-अमळनेर एसटी धरणगावच्या स्टँडवर उभी होती, कंडक्टर चहाला गेला होता, आणि भूमिका पाटील खिडकीशी बसून मोबाईलवरच्या बॅलेतल्या चोवीस हंसिणींवर चिडत होती.

"डावीकडून तिसरी मागे पडतेय," शेजारून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. मांडीवर काळी लांबट पेटी, सावळा चेहरा, आणि तिच्या मोबाईलवर खिळलेले डोळे. कॉलेजात असल्यापासून भूमिका बॅले बघत आली होती. आजवर कुणी 'ही सर्कस आहे का' म्हणून विचारलं होतं, कुणी 'शी, काय ते कपडे' म्हणून तोंड फिरवलं होतं. पण डावीकडून तिसरी? ती चूक तर तिला स्वतःलाही चौथ्यांदा बघताना दिसली होती.

"तुम्हाला नाचातलं कळतं?"

"छे. वाजवण्यातलं कळतं. सूर आला तेव्हा ती आली नव्हती."

त्याचं नाव अभिमन. अमळनेरच्या शाळेत तासावर संगीत शिकवायचा आणि लग्नसराईत काकांच्या, पंडित नानांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. भूमिका अमळनेरच्या कॉलेजात ग्रंथालयात होती. दोघांची सकाळची एसटी एकच निघाली, आणि मग... ती एकच निघू लागली, असं म्हणू या. कधी त्याची चुकली तर तिचीही चुकायची.

भूमिकाची मतं म्हणजे दगडावरची रेघ. पाय कानाला लावला म्हणजे नाच झाला, असं समजणाऱ्या नर्तकी तिच्या खिजगणतीतही नव्हत्या. जुन्या बॅलेतलं तळं काढून तिथे दवाखाना मांडणाऱ्या दिग्दर्शकाला तिनं आपल्या ब्लॉगवर असं सोलून काढलं होतं, की तो मराठी वाचत असता तर त्यानं धंदाच बदलला असता. ब्लॉगला वाचक साठ-सत्तर. पण लिहायची अशी, की साऱ्या जगाचे नाटकगृहवाले श्वास रोखून वाट बघत असावेत.

अभिमननं ब्लॉग पहिल्या पानापासून वाचून काढला आणि भांडायला आला.

भांडणाचं कारण एकच होतं. एका पायावर तोल धरून उभ्या असलेल्या नर्तकीसाठी वादक सूर लांबवतात, ते भूमिकाला अजिबात खपायचं नाही. ज्या पायाला सूर थांबवून सांभाळावं लागतं तो पाय कच्चा, असं ती ठणकावून सांगायची.

"आम्ही तर नवरदेवाच्या मावशीसाठीसुद्धा थांबतो," अभिमन म्हणाला. "तिची गिरकी पूर्ण झाल्याशिवाय पुढची ओळ घेत नाही."

"म्हणून तुमच्या वराती चार तास चालतात."

"वाजवणं कुणालाही येतं हो. समोरच्याकडे बघून थांबणं... ते शिकायला मला दहा वर्षं लागली."

हे म्हणताना तो तिच्याकडे बघत होता. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाच्या गाड्यांमधून उडालेले पुंजके अडकले होते. तिचे कान तापले होते, आणि ते त्याला दिसत असणार, हेही तिला कळत होतं.

एकदा त्यानं विचारलं, तुम्ही कधी नाचलात का? ती म्हणाली, जेवणाऱ्याला स्वयंपाक यायलाच हवा असं कुठे आहे, मी बघणारी आहे. तो हसला, पण लगेच म्हणाला, "बघणं चांगलंच. पण तुम्ही कायम पहिल्या रांगेतच बसून राहणार का?"

तो कशाबद्दल बोलत होता ते दोघांनाही ठाऊक होतं. यावलकडच्या गावात भूमिकाच्या वडिलांची, योगराज आबांची, केळीची बाग होती, आणि त्याहून मोठा मान होता. बँडवाल्याचा पुतण्या जावई म्हणून त्यांच्या ओसरीवर? भूमिका म्हणायची, मी सांगेन आबांना. दिवाळीला सांगेन. मग संक्रांतीला. साऱ्या जगाच्या नर्तकींना खडे बोल सुनावणारी ही मुलगी आपल्या आबांसमोर मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची.

तेवढ्यात धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा पियुष, स्वभावानं गोड. भूमिकाला बॅलेची आवड आहे म्हटल्यावर तो कौतुकानं म्हणाला, थोडं नाचून दाखवा की मग. मी नाचत नाही, बघते, असं तिनं सांगितलं. त्याची आई हसून म्हणाली, बघू दे गं, संसार सुरू झाला की ही खुळं आपोआप सुटतात. पियुषही हसला. वाईट कुणीच नव्हतं. पण भूमिका संध्याकाळच्या गाडीनं जळगावला परतली ती मनाशी ठरवूनच.

त्या रात्री तिनं फोनवर आबांना सांगितलं की हे स्थळ नको. आबांनी विचारलं, का? तिनं फोन ठेवला. कारण दिलं नाही म्हणजे होकारच, असं आबांनी धरलं.

आणि आता गंमत बघा. फेब्रुवारीत भूमिकाच्या चुलतबहिणीचं, रूपालीचं लग्न निघालं. कन्यादान आबांच्या हातून होणार होतं, म्हणून बँडही त्यांनीच ठरवला. साऱ्या खानदेशात चौकशी करून, खास अमळनेरला जाऊन, त्यांनी पंडित नानांच्याच हातावर सुपारी ठेवली. वर बजावलंही, तो क्लॅरिनेटवाला पोरगा पाहिजेच, त्याचं फार नाव ऐकलंय.

दुपारी बाराला वरात मांडवाच्या दाराशी आली. बँड थांबल्याशिवाय नवरदेवानं घोड्यावरून उतरायचं नाही, ही तिथली रीत. शेवटची ओळ सुरू होती. भूमिका दारात, हातात आरतीचं ताट घेऊन, बायकांमध्ये उभी होती. अभिमनकडे न बघण्याचा तिनं निश्चय केला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

तेव्हा माईकवर आबांचा आवाज आला. नवरदेव उतरले की लगेच आणखी एक शुभकार्य होईल, धुळ्याचे पाहुणे आलेच आहेत, आमच्या भूमिकाचा साखरपुडा याच मांडवात करून घेऊ.



ढोल थांबले. ट्रम्पेट थांबले. क्लॅरिनेट मात्र थांबलं नाही. शेवटचा सूर अभिमननं धरून ठेवला. श्वास संपला तसा पुन्हा भरला, पुन्हा तोच सूर. डोळे सरळ तिच्यावर. लोकांना वाटलं, वा, काय दम आहे. पण घोडा अस्वस्थ झाला, नवरदेव लगाम धरून वाकला, आणि पंडित नाना पुतण्यावर खेकसले, "आरे, पुरं कर ना आते! बठ्ठा मांडव उभा शे."

सगळा मांडव खरंच ताटकळला होता. अभिमननं मान हलवली. नाही.

तो काही मागत नव्हता. पुढे येत नव्हता. नुसता तिच्यासाठी थांबला होता, आणि तो सूर संपला की घोडा, आरती, पाट, पियुष, सगळं पुढे सरकणार होतं. भूमिकाला रडू आलं. त्याच्यावर तिचं किती प्रेम आहे, हे तिला भर उन्हात, अडीचशे पाहुण्यांदेखत, स्वच्छ कळलं.

तिनं ताट शेजारच्या काकूच्या हातात दिलं आणि चालू लागली. बँडकडे नाही, आधी आबांकडे.

"काय करून राहिली तू?" आबा दबक्या आवाजात म्हणाले. "पाहुने बघून राहिले."

"बघू द्या, आबा. मी पाटावर बसणार नाही. तुम्ही फोनवर कारण विचारलं होतं ना? ते तिथे उभं आहे. तुम्हीच सुपारी देऊन आणलंय."

आबांनी बँडकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"वाजंत्रीवाला?"

"हो. तुम्हीच म्हणालात, तो पोरगा पाहिजेच."

 पियुष पुढे होऊन आईच्या कानात काहीतरी बोलला आणि तिला खुर्चीवर बसवलं. बरा मुलगा होता, म्हटलं ना. आबा पाठ फिरवून मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही. पण हात धरून तिला अडवलंही नाही.

भूमिका वळली. मधे नाचणाऱ्या पोरांची गर्दी, घोडा, विखुरलेली फुलं. अभिमनच्या गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या, सूर आता थरथरत होता. पळत जावं असं तिला वाटलं. पण ती पळाली नाही. लोक कुजबुजत होते, कुणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं, आणि ती आपल्या चालीनं, मान वर करून, एकेक पाऊल टाकत गेली.

अर्ध्या वाटेवर तिला पंडित नाना अभिमनच्या हातातलं क्लॅरिनेट काढून घ्यायला निघालेले दिसले.

"नाना, थांबा थोडं," भूमिका म्हणाली. "मी येतेय."