सहाच्या नोंदीची सायकल

"चार वाजून दहा मिनिटांनी थांबेल," केसांतलं पाणी निथळत ती म्हणाली.

सायकलच्या दुकानात ती शिरली होती ती निव्वळ आडोशाला. आत सायकलवाला एक चाक फिरवत होता, एकेक तार नखाने छेडून कान लावत होता. सैल तार त्याला आवाजावरून कळत होती! ती बघतच राहिली.

"पाऊस काय तुम्हाला सांगून पडतो?" त्याने विचारलं.

"टेकडीवरच्या हवामान केंद्रात असते मी."

बरोबर चार-दहाला सरी थांबल्या. त्याने घड्याळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि तिथे नजर जरा जास्तच रेंगाळली.

सायकल तिला हवीच होती. केंद्राची जीप पहिल्या तारखेपासून बंद होणार होती, आणि सकाळी सहाची नोंद सत्तावीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तिच्या हातून चुकली, तर साहेब तिला खालच्या कचेरीत फायली लावायला बसवणार होते. आभाळ न बघता दिवस काढायचे?

"ती लाल द्या." हलकी, देखणी.

"ती उन्हातली पाहुणी. चाकाची कड भिजली की तिचे ब्रेक घसरतात. ही बघा." हिरवी, थोराड. ब्रेक चाकाच्या पोटात, साखळीला झाकण, मडगार्ड पार खालपर्यंत.

"म्हैस आहे ही!"

"म्हैस पावसाला भीत नाही. पण माझ्या सांगण्यावरून घेऊ नका. दोन्ही सगळ्या हवेत चालवून बघा, मग ठरवा."

झालं! "उद्या पाचला वारा आहे," असं ती सांगून जायची आणि पाचला तो दोन्ही सायकली घेऊन रस्त्यावर हजर असायचा.

"सायकल बघायला जातेस की मुलगा?" आत्याने एकदा विचारलंच.

"आत्या, काहीतरीच तुझं!"

"मग वाऱ्यात जायचं तर वेणी तीनदा कशाला घालतेस गं?"

पावसात उतारावर लाल सायकलीने ब्रेकला दाद दिली नाही आणि तिला थेट कुंपणात नेऊन घातलं. तो धावत आला. चेहरा पांढराफटक.

"लागलं?"

"नाही... पण म्हैसच घेते."

आता धुकं तेवढं राहिलं होतं. आणि ते नेमकं पहिल्याच तारखेला येणार, हे तिला आदल्या दिवशी कळलं.

"मी येतो सोबत," तो म्हणाला.

"नको. रोज एकटीच जायचंय मला."

सकाळी रस्ता असा नव्हताच. दिव्याच्या उजेडात पुढे फक्त पांढरी भिंत दिसत होती. अर्ध्या चढावर तिचा धीर सुटला. दरीची बाजू कुठली? पाच-चाळीस झाले होते. उतरावं, परत फिरावं...

तेवढ्यात मागून चाकाचा आवाज आला.

"चाकाखाली खडी वाजली की दरीची कड आली समजा, उजवीकडे घ्या," अंतर राखून तो म्हणाला. "बाकी बरोबर चाललंय."

"का आलात?"

"बोलू नका. दम पुरवा."

तो पुढे आला नाही. वाट तिनेच काढली. आणि शेवटच्या वळणावर धुकं एकदम पायाखाली गेलं.

खाली गाव नव्हतं, रस्ते नव्हते. क्षितिजापर्यंत पांढरा समुद्र, आणि त्याच्या लाटांवर पसरत चाललेला केशरी उजेड. तो सायकल धरून तसाच उभा राहिला, पापणी न हलवता.

ती धावली. तापमान, वारा, आर्द्रता... सहाला सगळं वहीत उतरलं होतं.

ती बाहेर आली तरी तो हलला नव्हता. "हे... रोज बघता तुम्ही?"

"रोज. हे सुटेल म्हणून तर जीव टांगणीला लागला होता."

त्याने सायकल भिंतीला टेकवली.

"सगळ्या हवा संपल्या," तो हळूच म्हणाला. "आता माझं काही काम उरलं नाही."

"पुढचे दहा दिवस आभाळ अगदी निरभ्र आहे. वारा नाही, पाऊस नाही, यायला काही कारणच नाही..." तिने मान खाली घातली. "तरी येशील?"

"आणि दहा दिवसांनंतर?"

"तेवढ्या पुढचं कुणालाच सांगता येत नाही."

त्याने तिचा गारठलेला हात हातात घेतला.

"मला येतं," तो म्हणाला.