शेवटच्या घरातला फोन

ताई डोंगरातल्या त्या घरी राखणीला गेली ती काही हवा खायला नव्हे. पण डॉक्टरीणबाईंना तिनं तसंच सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी उन्हाळाभर परदेशी निघाल्या होत्या आणि मागं घराला, मांजराला, कुंड्यांना माणूस हवं होतं. घर खोऱ्यातलं अगदी शेवटचं. त्याच्यापुढं रस्ता संपायचा आणि पायवाट सुरू व्हायची. मग पाइनची झाडी, आणि मग नुसता खडक. मोबाइल तिथं चालत नसे. पॅसेजमध्ये एका तिपाईवर जुना काळा फोन होता, तेवढाच.

"मंगळवारी आणि शुक्रवारी बाराच्या सुमारास मी फोन करीन," बाई जाताना म्हणाल्या. "असलात तर उचला. नसलात तर भटकायला गेलात असं समजेन."

ताईनं मान डोलावली. खरं कारण सांगितलं असतं तर बाईंनी चावी दिलीच नसती. दुःख घेऊन आलेल्या माणसाच्या हाती कोण घर सोपवतं?

तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी याच डोंगरांत एकटा चढायला गेला आणि परत आला नाही. शोधपथकानं अकरा दिवस डोंगर पालथे घातले आणि बाराव्या दिवशी दोर गुंडाळले. सगळे म्हणाले, आता मन घट्ट करा. आई म्हणाली, "करते की. पण मला धड रडताही येत नाही गं. कशावर रडू? हातात काही तर पाहिजे."

ते वाक्य ताईच्या डोक्यात रुतून बसलं. ती मोजणी खात्यात नकाशे काढायची. अंदाजपंचे काम तिला जमतच नसे. तिनं खोऱ्याचा मोठा नकाशा आणला, त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखले आणि नोकरीत साठवलेली सगळी रजा एकदम टाकली. रोज एक चौकोन. सकाळी सहाला निघायचं, चारला परत. पाय सुजले तर मिठाच्या पाण्यात बुडवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं. मांजराशी सोडलं तर दिवसेंदिवस कोणाशी बोलणं नाही. आठवड्यातून एकदा पोस्टातल्या बाई पत्रं आणि पाव घेऊन वर यायच्या, तेवढीच माणसाची चाहूल.

दुसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी पाऊस लागला म्हणून ती घरी होती. बाराला फोन वाजला.

"अगंबाई, आज तुम्ही सापडलात," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "मंगळवारी तुमच्या भावाशी बोलले. किती गोड बोलतात हो. ते राहायला आलेत हे सांगितलं नाहीत? माझी काही हरकत नव्हती."

ताईच्या हातातला फोन एकदम जड झाला.

"काय... काय म्हणाला?"

"म्हणाले, ताई ओढ्यापलीकडे गेलीय. चारला येईल."

मंगळवारी ती ओढ्यापलीकडेच गेली होती. ते तिनं कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगायला होतं तरी कोण?

भाऊबिऊ इथं कोणी नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. पण तसं म्हटलं असतं तर बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिला घराबाहेर काढलं असतं, आणि चौकोन अजून निम्मेही झाले नव्हते. "हो, आलाय," ती म्हणाली. "राहील थोडे दिवस."

फोन ठेवल्यावर तिनं सगळं घर धुंडाळलं. माळा, न्हाणीघर, पलंगाखाली, कपाटं. दारांच्या कड्या जागच्या जागी होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक झडप मांजरासाठी उघडी असे, पण तिच्यातून लहान मूलसुद्धा आत आलं नसतं. मात्र पॅसेजमध्ये ओल्या लोकरीचा वास येत होता. अंगावरच वाळलेल्या स्वेटरचा येतो तसा, कुबट. तिचे स्वतःचे कपडे तर बाहेर पडवीत होते.

दुसरी एखादी असती तर बॅग भरून निघाली असती. ताई तिथंच भिंतीला टेकून बसली. मग स्वतःशी म्हणाली, घाबरायचं की मोजायचं, एक काहीतरी ठरव.

तिनं मोजायचं ठरवलं.

पुढच्या मंगळवारी तिनं घराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि समोरच्या उतारावर एका खडकावर जाऊन बसली. तिथून दार दिसायचं आणि वारा पडला की खोऱ्यातला बारीक आवाजही वर यायचा. साडेअकराला धुकं उतरू लागलं, पण दार दिसत होतं. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. पायाखालच्या ओल्या पाइनच्या काड्यांचा वास, आणि शांतता... इतकी, की तिला स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं.

बाराला फोन वाजला. उघड्या झडपेतून आवाज स्पष्ट वर आला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाजता वाजता मध्येच तुटला.

कोणीतरी उचलला होता.

ती धावत उतरली. कुलूप उघडून आत गेली तेव्हा फोन जागेवर होता. तिनं हात लावला. कोणाच्या तरी कानाशी बराच वेळ धरल्यासारखा तो कोमट होता.

शुक्रवारी ती मुद्दाम घरी थांबली आणि पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"मंगळवारी माझा भाऊ काय म्हणाला हो?" तिनं आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"तेच विचारणार होते. तुमचं काही हरवलंय का? ते म्हणाले, ताई उगाच त्या बाजूला शोधतेय. तिला सांगा, खिंडीच्या अलीकडे वीज पडून चिरलेलं झाड आहे ना, त्याच्या खाली बघ म्हणावं."

"हो," ताई म्हणाली. "हरवलंय खरं."

ती जागा तिच्या नकाशात अगदी शेवटी होती. शोधपथकानंही ती सोडली होती, कारण तिथून वाटच जात नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं दोर घेतला, दोन दिवसांचा पाव घेतला आणि निघाली. दुपारी झाड सापडलं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चिरलेलं, आतून कोळसा झालेलं. त्याच्याखाली खडकात एक फट होती, माणूस उभा मावेल एवढी. तिनं झाडाला दोर बांधला आणि पोटावर सरकत आत डोकावली.

निळी बॅग आधी दिसली. मग बाकीचं.

ती रडली नाही. तिथंच बसून राहिली, उन्हं खडकावरून सरकेपर्यंत. मग आत वाकून, लहानपणी शाळेसाठी उठवायची त्याच आवाजात म्हणाली, "चल रे. पुष्कळ झालं. आई वाट बघतेय."

पुढं वनरक्षक आले, स्ट्रेचर आलं, कागदपत्रं झाली. पोस्टातल्या बाईंकडे चावी देऊन ताई भावाला घेऊन खाली, घरी गेली. आई त्याच्या बॅगेचा पट्टा दोन्ही मुठींत धरून दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः उठून चहा केला आणि ताईला म्हणाली, "तू माझं बाळ आणून दिलंस."

आठव्या दिवशी ताई बॅग भरू लागली.

"आता कशाला जातेस तिथं?" आईनं विचारलं.

"शब्द दिलाय. बाई यायला अजून महिना आहे. सोमवारी निघते."

आईला तिनं फोनचं काही सांगितलं नव्हतं. स्वतःपुरता तिनं त्याचा अर्थ लावला होता, आणि त्या अर्थाची तिला भीती वाटत नव्हती. आपला भाऊ होता. घरी यायचं होतं त्याला, आला. संपलं.

दुपारी चारला पोस्टातल्या बाई मांजराला खायला घालायला वर जात. सोमवारी येते, एवढं त्यांना कळवावं म्हणून ताईनं तिथला नंबर लावला. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"बाई, मी बोलतेय," ताई म्हणाली.

"त्या आत्ताच गेल्या," पुरुषाचा आवाज आला. मऊ, अदबशीर, किंचित दम लागलेला. "मांजर जेवलं."

ताईनं भिंतीचा आधार घेतला.

"तू... तूच का रे?"

"नाही हो. तो गेला ना तुमच्याबरोबर खाली. आता इथं मी एकटाच."

आत आईचा भांडी लावण्याचा आवाज येत होता. ताईनं डोळे मिटले, श्वास घेतला. जी बाई वाट नसलेल्या जागी एकटी जाऊन आली होती, ती फोन आपटून पळणारी नव्हती.

"तुम्हालाही शोधायचं आहे का?" तिनं विचारलं. "कुठं आहात ते सांगा. मी येते. दोर आहे माझ्याकडे."

पलीकडे नुसता श्वास... आणि कुठंतरी लांब पाइनमधून जाणारा वारा.

"नको," आवाज म्हणाला. "सापडलं की जावं लागतं. त्याचं ठिकाण मीच सांगितलं आणि पस्तावलो. फार बोलका होता हो तो, सोबत होती त्याची."

मग तोच आवाज, आणखी मऊ होऊन, अगदी कानाशी आला.

"तुम्ही सोमवारी या. या वेळी खाली जायची घाई करू नका."