पिसांच्या शालीसोबत कोण आलं

तो कोपऱ्यातला दिवा राहू द्या, बाकीचे घालवा. भांडी उद्या घासा. आणि ऐकायचं असेल तर मधे कुणी बोलायचं नाही.

हे पेनेच्या बाबतीत घडलं. आपला पेने, दुधाचा टँकर चालवणारा. आयुष्यात त्याने थापा मारल्या असतील तर त्या फक्त माशांच्या लांबीबद्दल.

जुलैची बारा तारीख, शुक्रवार. आपल्याकडे ऐन कडाक्याच्या थंडीचे दिवस. पेनेची हुरियाआत्या बुधवारी गेली होती. मराएवरच्या, म्हणजे कुळाच्या आवारातल्या, सभाघरात तिची शवपेटी उघडी ठेवली होती, आणि भोवती गाद्या घालून घरच्या बायका दिवसरात्र तिच्याजवळ बसून होत्या. शनिवारी सकाळी नऊला झाकण लागायचं होतं.

पेनेची आई तो चार वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं ते या आत्यानेच. जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली होती. पणजीची पिसांची शाल आपल्या पेटीवर असावी. ती शाल साठ वर्षांपासून वाइरोंगोच्या संग्रहालयात काचेमागे होती. सांभाळायला दिलेली, कायमची नव्हे. घरात कुणी गेलं तर न्यायची, असं कागदावर लिहून घेतलेलं होतं.

वाइरोंगो म्हणजे डोंगर ओलांडून दोन तास. टेपोरा आजीने, म्हणजे आत्याच्या थोरल्या बहिणीने, तिला सगळेच आजी म्हणतात, पेनेला बोलावलं. शाल घेऊन ये म्हणाली, आणि वाटेत नदी दिसली की गाडी थांबवायची नाही, हेही बजावलं. बायका हसल्या. मयताच्या घरी असं हसणं आपल्याकडे चालतं, लागतंच.

संध्याकाळी पाच चाळीसला पेने पोचला. अंधार पडला होता. ते संग्रहालय तुम्ही पाहिलंय का? गोऱ्यांनी बांधलेली जुनी कचेरी. भोवती एक चर्च, एक बंद पडलेलं दुकान, चार घरं, आणि पुढे नुसती मेंढ्यांची कुरणं. समोरच्या घरात राहणारी आयलीन नावाची म्हातारी ते सांभाळायची. गुडघ्यामुळे तिला पायऱ्या चढवेनात. तिने किल्ली दिली. शाल दुपारीच एका माणसाकडून काढवून खोक्यात नीट ठेवलीय, मोठ्या खोलीतल्या टेबलावर आहे, असं सांगितलं. आत्याबद्दल वाईट वाटलं म्हणाली. खरंच वाटलं असावं, कारण तिने पेनेचा हात बराच वेळ सोडला नाही.

पेने आत गेला. एकच दिवा लागला, पिवळा. डाव्या भिंतीला आपली माणसं. कोरलेले खांब, वल्ही, हिरव्या दगडाची पाती. उजव्या भिंतीला गोऱ्यांचं सामान. शिपायांच्या बंदुका, खोगीर, जमीन मोजायची लोखंडी साखळी, दाढीवाल्या साहेबांचे फोटो. मधे टेबल. टेबलावर लांबट खोका. त्याने झाकण उचलून पाहिलं. तपकिरी, पांढरी पिसं. आत्या होती तेव्हा म्हणायची, ही शाल थंड कधी पडत नाही. पेनेने हात ठेवला. ऊब होती.

त्याने खोका दोन्ही हातांवर घेतला. वळला.

तेव्हा हाळी आली.

आपल्या बायका मराएच्या दारात पाहुण्यांना घालतात ना, तशी. लांब, वर चढत जाणारी. पण बारीक. भिंतीपलीकडून आल्यासारखी. मोठ्या खोलीच्या मागे एक बंद दार होतं. सामानाची खोली. आवाज तिथून आला.

पेने त्या दाराकडे वळून उभा राहिला. टेपचा आवाज असेल, त्याला वाटलं. हल्ली संग्रहालयांत लावतात तसं काही. पण टेपमधल्या बाईचा आवाज थकलेला नसतो.

पुन्हा हाळी.

शब्द कळत होते, पण जुने होते. कोण आलंय... कोण आलंय मला न्यायला... असं काहीसं.

आता तुम्हाला माहीतच आहे. हाळीला उत्तर द्यावं लागतं. उत्तर न देता तसंच उभं राहणं चांगलं नाही. आणि उत्तर बाई देते, पुरुष नाही. पेने एकटा होता. हातात खोका.

मग उत्तर आलं.

त्याच्या मागून. बाहेरच्या दाराकडून. अगदी खांद्याजवळून.

हुरियाआत्याचा आवाज.

आत्याला दमा होता. हाळीचा शेवटचा सूर ओढताना ती मधेच एक श्वास घ्यायची. बायका तिला त्यावरून चिडवायच्या. तो श्वाससुद्धा आला. त्याच जागी.

पेने मागे वळला नाही. तो म्हणतो, वळायची इच्छा फार झाली. पण मान हलेना. दिवा तसाच जळत होता. दाढीवाल्या साहेबांच्या फोटोच्या काचेत फक्त तो स्वतः दिसत होता.

किती वेळ... त्याला सांगता येत नाही.

मग सगळं शांत झालं. तो बाहेर आला, कुलूप लावलं, किल्ली आयलीनच्या पत्रपेटीत टाकली. खोका गाडीच्या मागच्या भागात आडवा ठेवला. पुढची सीट रिकामी होती. हे त्याने मला तीनदा सांगितलंय. पुढची सीट रिकामी होती.

गाडी सुरू केली. फाटकाबाहेर शंभर हात गेला असेल.

टूं... टूं... टूं...

शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नाही, म्हणून गाडी ओरडते तो आवाज. ती सीटवर वजन असलं तरच ओरडते.

पेनेने ब्रेक मारला. दार उघडून उतरला. गवतावर दव गोठलं होतं. मागे डोंगर, पुढे डोंगर. एक दिवा नाही. आत गाडी ओरडतेय. टूं... टूं... त्याला पळत सुटावंसं वाटलं. कुरणं तुडवत, कुठेही.

पण शाल गाडीत होती. आणि सकाळी नऊला झाकण लागणार होतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात आली. आत्याने कुठल्याही म्हाताऱ्या बाईला कधी रस्त्यावर उभं ठेवलं नव्हतं. बाजारातून येताना ती अनोळखी बायकांनासुद्धा गाडीत घ्यायची, आणि पेने मागे मेंढ्यांच्या खाद्याच्या पोत्यावर बसायचा.

तो पलीकडून फिरून आला. दार उघडलं. सीट रिकामी. त्याने पट्टा ओढला, हळू, कुणाला लागू नये तसा. खटका बसला.

आवाज थांबला.

“चल आजी,” पेने म्हणाला, “घरी जाऊ.”

दोन तास तो गाडी चालवत राहिला. रेडिओ लावला नाही. शेजारी पाहिलं नाही. वळणांवर मात्र गाडी सावकाश घेतली.

रात्री नऊला दहा कमी असताना मराएच्या फाटकाशी पोचला. रात्री पाहुणे येत नाहीत, पण टेपोरा आजी शालीसाठी पोर्चमध्ये थांबली होती. पेने खोका हातावर घेऊन चालू लागला. आजीने हाळी सुरू केली. आणि मधेच थांबली.

आजी हाळीत कधी थांबत नाही. चाळीस वर्षांत नाही.

ती त्याच्या उजव्या बाजूला बघत होती. मग तिने पुन्हा सुरुवात केली, वेगळ्या शब्दांनी. दूर राहून गेलेल्या माणसाला घरात घेतात, त्या शब्दांनी. गालांवरून पाणी वाहत होतं.

पेनेने नंतर विचारलं. ती एवढंच म्हणाली, “तिला थंडी वाजत होती.”

शाल पेटीवर घातली. पेने स्वयंपाकघरात जाऊन तळलेला पाव आणि चहा घेऊन बसला. बायका आत्याभोवती झोपल्या.

सकाळी उठल्या तर एक गादी जास्त होती. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये. कुणी घातली, कुणालाच माहीत नाही. सगळ्यांनी एकमेकींना विचारलं. घोंगडी घडी करून पायथ्याशी ठेवलेली. उशी मधे दबलेली.

उशीवर एक चिठ्ठी होती. पुठ्ठ्याची, जुनी, पिवळी पडलेली. गोऱ्या माणसाचं तिरकं अक्षर. एक आकडा, आणि खाली: *स्त्री. नाव माहीत नाही.*

पेनेने आयलीनला फोन केला. तिने वह्या काढल्या. आकडा सापडला. सामानाच्या खोलीतली एक पेटी. आत काय, ते कुणी लिहिलेलंच नव्हतं.

नऊला झाकण लागलं. आत्याला टेकडीवर नेलं. चिठ्ठी आजीने पेनेच्या हातात दिली. मी ती पाहिलीय, हातात धरलीय. तिला एक सुती दोरा आहे. दोऱ्याचा फास आहे, मेलेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याला बांधतात तसा, तेवढाच. फासाची गाठ जुनी, घट्ट, काळी पडलेली.

ती गाठ कुणी सोडलेली नाही. दोरा कापलेलाही नाही.