चाक धरणारा

शेवटची दर्यापूर गाडी निघून गेली की स्टँडासमोरच्या ओट्यावर खुशालरावांची बैठक बसते. एस.टी.त कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. तिकिटं फाडायचं सुटलं, तोंड चालवायचं काही सुटलं नाही. त्या रात्री लाइट गेलेली होती. पुतण्या नितेश आणि पुतणी शालू मोबाइलचा उजेड लावून बसली होती.

"तो पह्यले बंद कर," खुशालराव म्हणाले. "आन् हे आयकीव नाही बरं. संघपाल मिस्त्री माह्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस हाय. त्यानं सांगतलं तसं सांगतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

संघपाल हा दर्यापूरच्या देवमन मिस्त्रींचा मुलगा. बाप गेला, दुकान त्याच्यावर आलं. काम जुन्या डिझेल इंजिनांचं. आता असली इंजिनं राहिलीत किती? शेतोशेती मोटारी बसल्या, सोलर आले, आणि बंद पडलेली इंजिनं भंगारात गेली. ज्या कंपनीनं ती बनवली तिचं नावही कोणाला आठवत नाही, मग सामान कुठून मिळायचं? पण एखादं इंजिन अडलं की लोक अजून संघपालचंच दार वाजवतात.

देवमन मिस्त्रींच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. हात इंजिनाच्या पोटात असताना हेल्परनं बाहेरून चाक फिरवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या दुकानाची एक रीत पडली. आत हात घालणाऱ्यानं आधी म्हणायचं, "हात आत." बाहेरच्यानं मोठं चाक दोन्ही हातांनी धरायचं आणि सांगायचं, "धरलं." काम झालं की आतला म्हणणार, "हात बाहेर." ते ऐकलं की बाहेरचा म्हणणार, "सोडलं." "हात बाहेर" ऐकल्याशिवाय चाक सोडायचं नाही, मग तिकडे घराला आग का लागेना. संघपालच्या जिभेला हे लहानपणापासून बसलेलं.

मागच्या वर्षी महाशिवरात्रीच्या तोंडावर चांदूर बाजारकडचे शेषराव त्याच्याकडे आले. माळी माणूस, संत्र्याचा बगीचा. झाडांना नुकती बारीक फळं धरलेली, आणि नेमकी विजेची डीपी जळालेली. नवी कधी येते म्हटलं तर "येईल" एवढंच उत्तर. म्हणून त्यांनी विहिरीवरचं जुनं इंजिन पुन्हा वापरायला काढलं, देवमननंच बसवलेलं. ते थोडा वेळ चाललं आणि आतली बेअरिंग गेली.

"पोरा, फळ गळून राह्यलं," शेषराव म्हणाले. "फळ गेलं तं जाऊ दे. झाडं वाळतीन. लेकरावानी वाढवले रे."

"काका, बाबानं बसवलेलं इंजिन हाय. मी चालू करून देतो," संघपाल म्हणाला. म्हणाला खरा, आणि त्याच रात्रीपासून त्याची झोप उडाली.

कारण ती बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल वाट्या, पिस्टनच्या दांड्याला खालून धरणाऱ्या. अमरावतीचे दुकानदार हातात घेऊन पाहायचे आणि हसून परत द्यायचे. ऑनलाइन मागवली, फोटोत अगदी तीच, घरी आली तर बाहुलीच्या खेळण्यातली. लेथवर करून घेतलेली टिकत नाही हे बापानं दोनदा हात पोळून शिकवलं होतं. शेवटी तो अकोल्याला गेला. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या भंगाराच्या गल्ल्या दिवसभर पालथ्या घातल्या. एका म्हाताऱ्या चाचांनी वाटी निरखून पाहिली.

"बेटा, असं इंजिन आता एकच. पूर्णेच्या काठी, दर्यापूर रोडच्या आत. आमची पोरं दोनदा गाडी घेऊन गेली उचलायला. रिकामीच आली."

"काहून?"

चाचांनी त्याच्यासाठी चहा सांगितला.

मालकाचा, जीवनचा, नंबर त्यांच्याकडेच मिळाला. तो पुण्यात नोकरीला. म्हणाला, "न्या ना. कोणीच नेत नाही ते." का नेत नाही म्हटलं तर, "मले काय माहीत, मी पुण्यात राहतो."

ही अमावास्येची रात्र, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाची. अकोल्यातच अंधार पडला होता. सकाळी गेला असता तरी चाललं असतं, पण शेखरचा, शेषरावांच्या मुलाचा, फोन आला की खालच्या ओळीतली झाडं माना टाकायला लागली. संघपाल भूतबीत मानणाऱ्यातला नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातला मुलगा. गाडी सरळ नदीकडे वळवली.

इंजिनघराचे पत्रे उडालेले होते. आत इंजिन उभं. इतकी वर्षं पडलेलं, म्हणजे गंजून जाम असणार म्हणून त्यानं रॉकेलची बाटली आणली होती. चाकाला बोट लावलं. चाक फिरलं. आवाजसुद्धा न करता, हलकं... काल कोणी तेल घातल्यासारखं.

आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

त्यानं चाकाखाली वीट सरकवली, मोबाइलचा उजेड लावून तो दगडावर टेकवला, बाजूचं झाकण खोललं आणि कोपरापर्यंत हात घातला. वाटी हाताला लागली. चांगली, गुळगुळीत. पाना लावायच्या आधी, रोजच्या सवयीनं, तोंडातून निघून गेलं.

"हात आत."

"धरलं."

...

वारा नव्हता. नदीत पाणी नव्हतं. आवाज माणसाचाच होता, थकलेला. चाकाच्या पलीकडून आला होता.

संघपालनं तिकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही, असं तो स्वतःच सांगतो. हात आत होता. ओढून घ्यावा तर वाटी राहते. वाटी राहिली तर बगीचा जातो. त्यानं पाना फिरवला. एक बोल्ट. दुसरा. जोर लावावा लागला. चाक मात्र तसूभर हललं नाही. वीट केव्हाच निसटून बाजूला पडली होती.

दोन्ही वाट्या निघाल्या. हात बाहेर आला. मोबाइल उचलून तो धावला. गाडी सुरू केली, रस्त्याला लागला, दर्यापूर मागे गेलं तरी मागे वळून पाहिलं नाही.

"मंग?" शालूनं विचारलं.

"मंग काय. काय म्हणायचं राह्यलं त्याचं, सांग बरं," खुशालराव म्हणाले.

पहाटेच्या आधी तो शेषरावांच्या मळ्यात पोचला. शेखर बॅटरी घेऊन वाट पाहत होता. तिथलं इंजिनघर लहान, चाक भिंतीला इतकं लागून की मधे हाताचा पंजासुद्धा कष्टानं जाईल. संघपाल खाली बसला, हात आत घातला. "हात आत" म्हणायचं होतं. जीभ उचललीच नाही. पुन्हा उत्तर आलं तर?

म्हणून गप्प राहूनच त्यानं वाट्या बसवल्या, बोल्ट आवळले; शेवटचं चाचपायला हात अजून आतच होता. आणि शेखरला वाटलं, काम झालं.

शेखरनं हँडल लावलं आणि अंगातला सगळा जोर काढून फिरवलं.

संघपालला हँडल दात्यात अडकल्याचा आवाज आला. त्याची चारही बोटं दांड्याच्या खाली होती. बापाचा हात डोळ्यासमोर आला. डोळे मिटले...

काही झालं नाही.

"जाम झालं काय भाऊ?" शेखर धापा टाकत म्हणाला. "अंगठाभर बी सरकून नाही राह्यलं."

संघपालनं हात हळू बाहेर घेतला. बोटं मोजली. उठून चाकाला दोन्ही हात लावले. हलेना. गंजलेलं चाक कसं अडतं हे त्याला माहीत होतं. हे तसं अडलेलं नव्हतं. कोणीतरी धरलेलं होतं, आणि धरणारा कंटाळलेला नव्हता. पूर्णेच्या काठापासून इथपर्यंत त्यानं सोडलंच नव्हतं, कारण त्याला कोणी सोड म्हटलंच नव्हतं.

संघपालला रडू आलं. भीतीनं की कशानं, त्याला अजून सांगता येत नाही.

"हात बाहेर," तो म्हणाला.

चाकावरचे हात त्यानं काढून घेतले.

मग भिंतीकडून, अगदी हळू...

"सोडलं."

"आँ? काही म्हणलं काय तुमी?" शेखरनं विचारलं. संघपालनं मान हलवली आणि हँडल स्वतः घेतलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. पाइपातून पाणी आलं, पाटात पडलं, खालच्या ओळीकडे निघालं.

चांगलं उजाडल्यावर शेषराव आणि त्यांची बायको पार्बताबाई आले. काकूंच्या हातात इंजिनासाठी हळदीकुंकवाचं ताट होतं. बगीचा भिजलेला पाहून शेषराव बांधावरच बसले. संघपालनं तेल पाहायला इंजिन बंद केलं. चाक थांबलं, आणि काकू ताट घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या.

चाकाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे माणूस उभा राहूच शकत नाही, तिथे काळ्या ग्रीसचा पंजा उमटला होता. पाची बोटं पलीकडून अलीकडे वळलेली. इतका वेळ चाक गरगरलं, ग्रीसचा थेंबसुद्धा उडून जायला हवा होता.

शेखरनं फडकं घेतलं, हात वाकडा करून फटीत घातला आणि तो पंजा जोर लावून पुसला. फडकं काळंभोर झालं. पंजा होता तसाच राहिला.